एक बंदूक, दोन संसार

पंप अ‍ॅक्शन शॉटगन (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची, छर्रे उडवणारी बंदूक) म्हणजे अमेरिकन घरातला पाटा-वरवंटा. जड, न मोडणारा आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी आजोबांचा. रेमिंग्टन ८७० ही १९५० साली आली आणि आजवर एक कोटीहून जास्त खपली. मॉसबर्ग ५०० तिच्यानंतर दहाएक वर्षांनी आली आणि तिचंही बरं चाललंय. दुकानातून आणली तशी दोन्ही वाजतात. पण आणली तशी ठेवेल तो माणूस कसला? 'जरा' सुधारायची हुक्की येते आणि तिथून पगार, शनिवार आणि मनःशांती या क्रमाने एकेक गोष्ट हातची जाते.

सगळ्या भानगडीचं मूळ एका हौशीत आहे. याच बंदुकीने हिवाळ्यात बदकं मारायची आणि उरलेलं वर्ष तिनेच कपाटात बसून घर राखायचं. म्हणजे वऱ्हाडात मिरवायचं आणि खरकटंही काढायचं, तेही एकाच शालूत.

नळीपासून बघा. उडत्या बदकाच्या मागे बंदूक सपकन न थांबता फिरावी म्हणून २८ इंची नळी बरी. तेवढ्या नळीची अख्खी बंदूक चार फुटांची होते. अंधारात, घराच्या बोळात, ती घेऊन वळणं म्हणजे जिन्यातून शिडी उतरवणं. मग कुणाला तरी करवत आठवते. करवत जागेवर ठेवा. तिथल्या १९३४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे, खास नोंदणी केल्याशिवाय शॉटगनची नळी १८ इंचांच्या आत आणि अख्खी बंदूक २६ इंचांच्या आत चालत नाही. नळी मोजायची ती तोंडातून दांडी घालून, बंद बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड मिटणाऱ्या भागाला, टेकवून. शिंप्याच्या टेपने बाहेरून मोजणाऱ्याचं गणित कोर्टात चुकतं. कारखान्याची तयार साडेअठरा इंची नळी मिळते. बंदूक रिकामी करायची, रिकामी झाली हे डोळ्याने बघायचं आणि नळीत बोट घालूनही बघायचं. मग पंप अर्धवट मागे घ्यायचा, पुढचा स्क्रू किंवा टोपण फिरवायचं, जुनी नळी ओढायची, नवी बसवायची. दोन मिनिटांचं काम. माझ्या मते या बंदुकीवर करण्यासारखी खरी सुधारणा ही एवढीच, आणि नेमकी तिच्यातच मिरवण्यासारखं काही नाही.

दुसरं दुखणं दस्त्याचं, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाचं. चापापासून दस्त्याच्या बुडापर्यंतचं अंतर कारखाना साधारण १४ इंच ठेवतो. तो हिशेब सहा फुटी माणसाचा. साडेपाच फुटी मराठी देहाला ती बंदूक खांद्यावर नव्हे, दंडावर बसते आणि दुसऱ्या दिवशी दंड जांभळासारखा दिसतो. त्यातही मेख अशी की बदकांच्या दिवसांत अंगात दोन बोटं जाडीचा कोट असतो आणि रात्री घरात बनियन. एकाच माणसाची दोन मापं! कोटाच्या मापाने दस्ता थोडा आखूड ठेवला तर बनियनवर निभतं. उलटं केलं तर बुडाचं रबर काखेत अडकतं आणि बदक तोवर कॅनडात पोचतं.

दस्ता काढताना आधी बुडाचं रबर. त्यात दोन बारीक चिरा दिसतात, आत फुलीचे स्क्रू लपलेले असतात. कोरडा पेचकस खुपसला की रबराला कायमचं भोक पडतं. पेचकसाच्या दांडीला आधी साबणाचं पाणी लावा, रबर मुकाट वाट देतं. रबराखाली खोल विहीर आणि तळाशी मोठा बोल्ट. त्याला फूटभर लांबीचा, खाचेत भरून बसेल इतक्या रुंद पात्याचा पेचकस हवा. अरुंद पातं घसरतं, खाच गोल होते आणि मग ज्या कारागिराला पैसे द्यायचे नव्हते त्याच्याचकडे जावं लागतं, वर त्याचं हसू बघावं लागतं. परत बसवताना लाकडी दस्ता जीव खाऊन आवळू नका. लाकूड तडकतं.

पिस्तुलासारख्या मुठीचा दस्ता छायाचित्रात फार रुबाबदार दिसतो. पण मॉसबर्गचा सुरक्षा-खटका माथ्यावर, अंगठ्याखाली असतो. मूठ खाली गेली की अंगठा तिथे पोचत नाही, पकड सोडावी लागते. रेमिंग्टनचा खटका चापामागे आडवा असतो, तिथे हे दुखणं नाही.

आता खुंटी. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनच काडतुसं असावीत, हा नियम १९३५ पासून आहे: मॅगझिनमध्ये (नळीखालच्या काडतुसांच्या नळकांड्यात) दोन, नळीत एक. म्हणून मॅगझिनच्या नळीत लाकडाची किंवा प्लास्टिकची खुंटी घातलेली येते. घरासाठी ती काढायची, बदकांसाठी घालायची. मॉसबर्गची नळी काढून बंदूक खाली कलवून हलवली की खुंटी पोस्टाच्या पेटीतून पत्र पडावं तशी पडते. रेमिंग्टनमध्ये मात्र स्प्रिंग अडवणारी टोपी उचकटावी लागते. आतली स्प्रिंग तिच्या नळीहून लांब आणि दाबून कोंबलेली. तळवा न ठेवता टोपी काढली तर ती छताला लागून परत येते. डोळ्यांना चष्मा हवा, बायको शेजारच्या खोलीत हवी. काढलेली खुंटी बंदुकीच्या पिशवीतच ठेवा. टेबलाच्या खणात ठेवली तर तिचं लाटणं होतं, कुंडीचा आधार होतो आणि पहाटे तळ्यावर वन्यजीव खात्याचा माणूस स्वतःच्या हाताने तिसरं काडतूस आत सरकवून बघतो. ते गेलं की दंडाची पावती.

काडतुसं अडकवायची खोगीरपट्टी हा सगळ्यांत लाडका दागिना. ती बसते चापाच्या पिनांच्या जागी लांब स्क्रू घालून. हलू नये म्हणून माणूस स्क्रू पिळतो, बंदुकीचा सांगाडा चिमटला जातो आणि पंप घट्ट चालायला लागतो. मग तेल. मग आणखी तेल. दुखणं तेलाचं नसतंच. स्क्रू पाव फेरा सैल केला की पंप पूर्वीसारखा धावतो. सैल स्क्रू निघू नये म्हणून निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पुरे. लाल लावलं तर काढताना तापवावं लागतं.

बंदुकीच्या पुढे बॅटरी बसवणाऱ्यांशी माझं वाकडं आहे. रात्री खडखड झाली की माणूस उजेड पाडून बघतो, आणि उजेड जिथे तिथे नळीचं तोंड. मुलगा पाणी प्यायला उठला असला तरी. बंदुकीवर बॅटरी लावायचीच असेल तर लावा, पण बघण्यासाठी वेगळी बॅटरी हातात हवी. आणि 'शॉटगनला नेम लागत नाही, छर्रे पसरतात' हेही विसरा. सात यार्डांवर बकशॉट, म्हणजे मोठ्या छर्र्यांचं काडतूस, जेमतेम तळहाताएवढा पसरतो. चुकलेला छर्रा मात्र थांबत नाही. अमेरिकन घराची आतली भिंत म्हणजे लाकडी चौकट आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड. कोकणातला जांभा नव्हे. एका भिंतीत शिरलेला छर्रा पुढच्या दोन भिंतीही बघून येतो. म्हणून घरातलं सर्वांत लांब अंतर टेपने मोजायचं, तेवढ्यावर कागद लावून आपलीच काडतुसं झाडून बघायची आणि कुठल्या भिंतीमागे कोण झोपतं ते पाठ ठेवायचं.

चोकचं, म्हणजे छर्रे कमी पसरावेत म्हणून नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या आवळाचं, थोडक्यात. फुल म्हणजे घट्ट आवळ, मॉडिफाइड म्हणजे मध्यम. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात फुल चोक सुमारे ७० टक्के छर्रे टाकतो, मॉडिफाइड ६०. हा हिशेब शिशाचा. पाणपक्ष्यांसाठी शिसं १९९१ पासून देशभर बंद आहे. पोलादी छर्रा दबत नाही, त्यामुळे मॉडिफाइडमधूनच तो फुलसारखा दाट जातो. फुलमधून रेटलं तर चोकची नळी फुगून आट्यांत अडकू शकते. चोक काढून बार काढू नका, आटे जातात.

या सगळ्यानंतरही बंदूक अडकते, ती भागांमुळे नाही. माणूस घाईत पंप पूर्ण मागे ओढत नाही, रिकामं टरफल आतच राहतं. याला भाग विकत मिळत नाही. नकली काडतुसं आणि शंभर वेळा खच्याक-खुच्याक, एवढाच उपाय. शेजारी काय समजायचं ते समजोत.

आणि ज्याला हेही पुरत नाही तो मॉसबर्गचा प्लास्टिकचा सुरक्षा-खटका काढून धातूचा बसवतो. एकच स्क्रू. त्याच्याखाली मोहरीच्या दाण्याएवढी पोलादी गोळी आणि स्प्रिंग. हे काम प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करायचं, हे सगळ्यांना नंतर कळतं. गोळी टण्णकन उडते, टेबलाखाली लोहचुंबक फिरतं, आणि त्याला चिकटून वर येतो तो गेल्या शनिवारचा वॉशर. तो कशाचा, ते आठवत नाही.