चौंडकं चालणार नाही म्हणे!

भाची आज दुपारी टिळकवाडीतनं खेळून आली ती कुणाशी न बोलता माडीवर जाऊन बसली. तेरा वर्षांची पोर. आठवडाभर खपून तिनं डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी, म्हणजे फासे टाकत, एकेक पात्र होऊन गोष्ट रचायच्या खेळासाठी, आपलं पहिलं पात्र तयार केलं होतं. त्यात बार्ड असतो ना, गाण्याबजावण्यातनं जादू करणारा? हिची बार्ड म्हणजे यल्लव्वा, सौंदत्तीच्या वाटेवर चौंडकं, ते जोगतिणींचं तारेचं वाद्य, वाजवत फिरणारी. तिथल्या एका जुन्या खेळाडूनं सांगितलं, "असली नावं फँटसीत शोभत नाहीत. एलारा ठेव, आणि हातात विलायती ल्यूट दे."

कुणाला शोभत नाहीत?

शहापुरात आमच्या माडीवर मी पहिल्यांदा डीएम म्हणून, म्हणजे गोष्ट चालवणारा म्हणून, बसलो, तेव्हा माझ्याजवळ दोनशे पानी वही होती. पाच साम्राज्यं, तीन हजार वर्षांचा इतिहास, राजांच्या वंशावळी, नावं सगळी साहेबी. खेळ सुरू झाला, मंडळी एका गावात पोचली आणि खानापूरकडचा आतेभाऊ म्हणाला, "दादा, ह्या गावात पाणी कुठनं येतं?"

वहीत पाणीच नव्हतं. मला कणकुंबी आठवली, मलप्रभेचा उगम. म्हटलं, वर रानात देवळापाशी झरा आहे, तिथनं येतं. पण आठ दिवस झाले, आटलाय. "आटला कशानं?" सगळेच पुढं सरकले. त्या एका प्रश्नावर आम्ही तीन रविवार खेळलो. वही परत उघडली नाही.

म्हणून नवीन पोरांना माझं सांगणं आहे, एका गावापासून सुरू करा. पाणी कुठनं येतं, बाजार कधी भरतो, रात्री कुठल्या वाटेनं कुणी जात नाही, एवढं ठरवा. दिवाळीत आपण किल्ला करतो तेव्हा अंगणात अख्खा सह्याद्री उभा करतो काय? चार घमेली माती, वर पेरलेली मोहरी, दारात दोन मावळे, झालं की. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 साली हा खेळ छापला, पण गायगॅक्सचं स्वतःचं जगसुद्धा एका किल्ल्याखालच्या भुयारांपासूनच वाढत गेलं.

पात्राचंही तेच. चार फासे टाकायचे, सगळ्यात कमी पडलेला सोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज. असं सहा वेळा, ताकदीसारख्या सहा गुणांसाठी. यल्लव्वाच्या ताकदीला भाचीनं 7 ठेवले. मी म्हटलं, फारच कमी झाले गं. तर म्हणाली, "मामा, ती लहानपणी तापानं पडलेली. म्हणून तर चौंडकं शिकली." ह्याला पात्र म्हणतात! आकड्यातनं माणूस काढला पोरीनं. आणि तुम्ही तिला नाव बदलायला लावता? लाज वाटायला पाहिजे.

पात्राच्या कागदावर भाषांचाही रकाना असतो. आमच्या पोरांना तो काय म्हणून शिकवायचा? घरात मराठी, बाजारात कन्नड, गोव्याच्या पाहुण्यांशी कोंकणी. कुठल्या माणसाशी काय बोललं की दार उघडतं, हे बेळगावच्या पोराला पाळण्यातच कळतं.

दुसऱ्यानं रचून छापलेलं तयार जग घेतलं की नियम लवकर अंगवळणी पडतात, हे मान्य. मीही सुरुवातीला घेतलेलं. घ्या की. पण म्हणून दुसऱ्याचं चौंडकं काढून घेऊ नका.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या गड्यालाही कधीतरी कुणी असंच सांगितलं असणार, आणि त्यानं ते मुकाट ऐकलं असणार. त्यालाही बोलावणार आहे मी.

रविवारी चार वाजता, आमच्या माडीवर. आतेभाऊ खानापूरहून येतोय. पेन्सिल आणा, फासे आहेत. झरा परत आटलाय, आणि ह्या वेळी वर बघायला पहिली यल्लव्वा जाणार आहे. मघाशी चहा घेऊन वर गेलो तेव्हा सांगितलं तिला. दार उघडलंय.