कूपरच्या सौद्यात डॅलस खरोखर बुडाले का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये हंगामाच्या मध्यावर एखाद्या संघाने रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) घेतला, की डॅलस काउबॉइजचे नाव हमखास निघते, आणि आता ते बहुधा फसलेल्या सौद्याचा दाखला म्हणूनच निघते. २२ ऑक्टोबर २०१८ रोजी डॅलसने ओकलंड रेडर्सकडून अमारी कूपरला घेतले आणि बदल्यात २०१९च्या ड्राफ्टमधील आपली पहिल्या फेरीची निवड देऊन टाकली. मार्च २०२२मध्ये त्याच कूपरला क्लीव्हलंड ब्राउन्सकडे धाडताना डॅलसच्या पदरात मुख्यतः पाचव्या फेरीची एक निवड पडली. या दोन व्यवहारांवरून जो दावा सर्वत्र फिरतो तो थोडक्यात असा: पहिली फेरी देऊन पाचवी घेतली, म्हणजे सौदा तोट्याचा, ती निवड हातात असती तर पुढे नावाजलेला ए. जे. ब्राउन किंवा डीके मेटकाफ यांच्यासारखा तरुण रिसीव्हर मिळाला असता. २०१८मधले विजय बचाव फळीचे होते, कूपरचे नव्हते. सुपर बोल, म्हणजे लीगचे अजिंक्यपद, काही आले नाही. आणि वर दहा कोटी डॉलरचा करार गळ्यात पडला. डॅलसच्या उत्तरेकडील फ्रिस्को-प्लेनो भागातल्या मराठी घरांतही ही यादी जवळपास याच क्रमाने ऐकू येते. तिच्यातला एकेक मुद्दा तपासून पाहिला, तर यादीतला एकही मुद्दा धडपणे टिकत नाही, हे दाखवण्याचा हा प्रयत्न आहे.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकांसाठी एक खुलासा आधीच करतो. ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही. महाविद्यालयांतून येणारे खेळाडू संघ ठरलेल्या क्रमाने उचलतात. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत खाली राहिला त्याला पहिली संधी मिळते आणि विजेत्याला प्रत्येक फेरीत शेवटची. आपली संधी दुसऱ्या संघाला देऊन त्याच्याकडचा तयार खेळाडू घेण्याची मुभा असते. डॅलसने तेच केले.

आता ‘पहिली देऊन पाचवी घेतली’ हे वाक्य पाहू. ते चटकन पटते, कारण त्यात फक्त खरेदीची आणि विक्रीची किंमत आहे. कोणी ट्रॅक्टर घेऊन चार हंगाम शेत नांगरावे आणि शेवटी तो विकताना मूळ किमतीतून विक्रीची किंमत वजा करून तोटा जाहीर करावा, मधल्या पिकांचा उल्लेखही करू नये, असा हा हिशेब आहे. कूपर डॅलसकडून नियमित हंगामांतले ५६ सामने खेळला आणि त्यांत त्याने २९२ पास झेलून ३,८९३ यार्ड आणि २७ टचडाउन मिळवले (यार्ड म्हणजे चेंडू पुढे नेलेले अंतर, टचडाउन म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण). तो आला तेव्हा २४ वर्षांचा होता, आणि २०१५च्या ड्राफ्टमध्ये त्याला चौथ्या क्रमांकावर निवडलेले होते. पहिल्या दोन्ही हंगामांत हजार यार्डांचा टप्पा ओलांडल्यावर २०१७मध्ये त्याची कामगिरी घसरली होती, म्हणूनच तो बाजारात आला.

शिवाय ‘पहिली फेरी’ म्हणजे नेमका कितवा क्रमांक, हे सौद्याच्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. त्या दिवशी डॅलस ३ विजय आणि ४ पराभवांवर होते. हंगाम तसाच रखडला असता, तर ती निवड बरीच वरची ठरली असती. प्रत्यक्षात संघ अखेरच्या आठांत पोहोचला आणि त्यामुळे निवड २७व्या क्रमांकावर घसरली. ज्या खेळाडूसाठी किंमत मोजली त्याच्या आगमनानंतर संघ वर गेला आणि त्यामुळे ती किंमतच कमी झाली, ही गोष्ट दावा करणारे सोयीस्करपणे गाळतात.

ए. जे. ब्राउनचा मुद्दा ऐकायला सर्वांत जोरकस आहे आणि मला तो सर्वांत कच्चा वाटतो. ब्राउन २०१९च्या ड्राफ्टमध्ये ५१वा गेला, मेटकाफ ६४वा, आणखी एक रिसीव्हर टेरी मक्लॉरिन ७६वा. याचा सरळ अर्थ असा, की त्या रात्री पहिल्या फेरीत एकाही संघाला यांच्यापैकी कोणीही घ्यावासा वाटला नाही. ज्या टेनेसी टायटन्सने ब्राउनला घेतले, त्यांनी आधी १९व्या क्रमांकावर बचाव फळीतला जेफरी सिमन्स उचलला होता. सिएटलने मेटकाफला घेण्यापूर्वी २९व्या क्रमांकावर एल. जे. कॉलियर घेतला. न्यू इंग्लंडला पहिल्या फेरीच्या अखेरीस, ३२व्या क्रमांकावर, रिसीव्हरच हवा होता. त्यांनी ब्राउन आणि मेटकाफ दोघेही उपलब्ध असताना निकील हॅरीला पसंती दिली. मग डॅलसने मात्र २७व्या क्रमांकावर अचूक ब्राउनच उचलला असता, हे कशाच्या आधारे मानायचे? डॅलसची त्या वर्षीची पहिली निवड ५८व्या क्रमांकावर आली आणि त्यांनी ट्रिस्टन हिल हा बचाव फळीतला खेळाडू घेतला, तेव्हा मेटकाफ समोरच होता. (कूपर हाताशी असल्यामुळे त्यांना रिसीव्हरची निकड नव्हती, हे मान्य, तरी दूरदृष्टीचा पुरावा म्हणून ती निवड दाखवता येत नाही.) आणि मागाहून आलेले शहाणपण चालवायचेच असेल, तर ते दोन्ही बाजूंनी चालवावे. रेडर्सने त्या २७व्या निवडीवर जोनाथन एब्रम हा सेफ्टी, म्हणजे बचाव फळीत मागे राहणारा खेळाडू, घेतला. पहिल्याच सामन्यात खांद्याला दुखापत होऊन त्याचा तो हंगाम संपला, आणि नोव्हेंबर २०२२मध्ये रेडर्सने त्याला सोडून दिले.

बचाव फळीचा मुद्दा मात्र आकड्यांनीच सोडवावा लागतो, आणि इथे सौद्याच्या समर्थकांनाही थोडे खडे बोल ऐकावे लागतील. समर्थक एकच ओळ फेकतात: कूपरपूर्वी ३-४, कूपरनंतर ७-२. विरोधक उत्तर देतात की ते ७ विजय बचावाने मिळवून दिले. दोघांनीही धावफलक नीट पाहिलेला दिसत नाही. पहिल्या सात सामन्यांत डॅलसने १४० गुण केले आणि १२३ दिले. कूपर आल्यानंतरच्या नऊ सामन्यांत त्यांनी १९९ गुण केले आणि २०१ दिले. म्हणजे सरासरीने पाहता, प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सुमारे साडेसतरा गुणांवर रोखणारा बचाव नंतरच्या टप्प्यात बावीसच्या वर गुण देऊ लागला. सेंट्सविरुद्धचा १३-१० हा विजय निःसंशय बचावाचा होता. पण बाकीच्या विजयांचे श्रेय ज्या बचावाला दिले जाते, तो बचाव त्या काळात आधीपेक्षा ढिला पडला होता.

याच आकड्यांतून दुसरी गोष्टही निघते: सात विजय मिळवणारा संघ नऊ सामन्यांच्या एकूण गुणांत दोनने मागे होता. त्याला कोल्ट्सविरुद्धचा २३-० हा दारुण पराभव कारणीभूत आहेच. तरी विजयांचे अंतर पाहिले तर ७, ३, ८, ३, ६, ७ आणि १ असे होते. एकही विजय एकतर्फी नव्हता. त्यामुळे ‘७-२’ हा आकडा कूपरच्या थोरवीचा पुरावा म्हणून मिरवणे तितकेच चूक आहे. त्याच सुमारास, विश्रांतीच्या आठवड्यानंतर, डॅलसने आक्रमक फळीच्या लाइनमनचा प्रशिक्षकही बदलला होता. जे काही सुधारले ते सारे एका माणसाच्या खात्यावर टाकता येणार नाही.

मग कूपरच्या खात्यावर नेमके काय टाकायचे? क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) डॅक प्रेस्कॉट पहिल्या सात सामन्यांत सरासरी २०२ यार्डांचे पास टाकत होता. पुढच्या नऊ सामन्यांत ही सरासरी २७४वर गेली. त्या हंगामापूर्वी डेझ ब्रायंटला सोडलेले होते, जेसन विटन निवृत्त झाला होता, आणि कोल बीझली, अॅलन हर्न्स, टॅव्हन ऑस्टिन व नवखा मायकल गॅलप यांच्यावर काम भागवायचे ठरले होते. बचावपटूंना धास्ती वाटावी असा एकही रिसीव्हर संघात नव्हता. तो कूपरच्या रूपाने आला, पण रोज तितक्याच तेजाने चमकला नाही. नऊ सामन्यांत त्याने ७२५ यार्ड मिळवले, त्यांतले ३९७ केवळ दोन सामन्यांत: थँक्सगिव्हिंगला वॉशिंग्टनविरुद्ध १८० आणि ९ डिसेंबरला फिलाडेल्फियाविरुद्ध २१७. टचडाउन सहा, त्यांतले पाच याच दोन दिवसांचे. टॅम्पा बेविरुद्ध त्याला जेमतेम २० यार्ड मिळाले, जायंट्सविरुद्ध ३१.

विरोधक या दोन सामन्यांना अपवाद ठरवतात. पण वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फिया डॅलसच्याच गटातले, आणि गटविजेतेपद तिथेच ठरत होते. वॉशिंग्टनविरुद्ध त्याने तिसऱ्या सत्रात आधी ४० यार्डांचा आणि मग ९० यार्डांचा टचडाउन केला. दुसऱ्या वेळी पास हातात आल्यावर उरलेले मैदान त्याने पळूनच पार केले. (वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक अॅलेक्स स्मिथ चारच दिवस आधी पाय मोडून बाहेर पडला होता, हेही खरे.) ९ डिसेंबरचा सामना तर अधिकच निर्णायक होता. डॅलस ७-५ आणि फिलाडेल्फिया ६-६ अशी स्थिती होती. चौथ्या सत्रात कूपरने २८ आणि ७५ यार्डांचे दोन टचडाउन केले, तरी फिलाडेल्फियाने बरोबरी साधली आणि सामना जादा वेळेत गेला. तिथे प्रेस्कॉटच्या पासवर रसूल डग्लसने झेप घेतली, चेंडू त्याच्या हाताला लागून वर उडाला, आणि मागे असलेल्या कूपरने तो झेलून १५ यार्डांचा विजयी टचडाउन केला. यात नशिबाचा भाग होता, हे मी नाकारत नाही. पण चेंडू जिथे पडणार होता तिथे तो होता. हंगामाच्या अखेरीस डॅलस १०-६ आणि फिलाडेल्फिया ९-७ राहिले. बाकी सारे निकाल तेच ठेवून हा एकच सामना उलटा केला, तर आकडे अगदी अदलाबदल होतात आणि गटविजेतेपद फिलाडेल्फियाकडे जाते.

परगावी कूपर दिसत नाही, ही तक्रार मात्र बऱ्याच अंशी रास्त आहे. त्या हंगामातले त्याचे सहाही टचडाउन घरच्या मैदानावरचे होते आणि चार बाहेरच्या सामन्यांत मिळून त्याला १७४ यार्डच मिळाले. पण प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, लॉस एंजेलिसला रॅम्सविरुद्ध टचडाउन करणारा तोच होता. आणि गटविजेता संघ पहिला प्लेऑफ सामना घरी खेळतो. सिएटलला २४-२२ हरवले त्या सामन्यात त्याने १०६ यार्ड मिळवले.

सुपर बोल आला नाही, यावर फार बोलण्यासारखे नाही. डॅलसने शेवटचा सुपर बोल जानेवारी १९९६मध्ये जिंकला. त्यानंतरचा प्रत्येक निर्णय याच एका कसोटीवर तपासायचा, तर एकही पास होणार नाही. त्याच मोसमात फिलाडेल्फियाने तिसऱ्या फेरीची निवड देऊन डेट्रॉइटकडून ३० वर्षांचा रिसीव्हर गोल्डन टेट घेतला. शिकागोविरुद्धच्या १६-१५ अशा प्लेऑफ विजयातला निर्णायक टचडाउन त्याचाच, पण मार्चमध्ये तो करार संपवून जायंट्सकडे गेला. एका प्लेऑफ विजयासाठी फिलाडेल्फियाने तिसरी फेरी खर्चली. डॅलसला एका प्लेऑफ विजयासोबत पुढची तीन वर्षेही मिळाली, आणि त्यांपैकी पहिल्या दोन्ही वर्षांत कूपरने ११०० यार्डांचा टप्पा ओलांडला.

उरला पैसा. मार्च २०२०मध्ये झालेला पाच वर्षांचा दहा कोटी डॉलरचा करार हा निराळा निर्णय होता. २०१८च्या सौद्याने डॅलसवर त्याची सक्ती केलेली नव्हती. कूपरचा जुना करार २०१९पर्यंत होता आणि त्या हंगामातही त्याने १,१८९ यार्ड मिळवून दिले होते. तोवर थांबून त्याला जाऊ देता आले असते. दहा कोटींपैकी पहिली दोनच वर्षे डॅलसने त्याला खेळवले, आणि २०२२ची दोन कोटींची रक्कम पक्की होण्याच्या तोंडावर त्याला मोकळे केले, कारण पगारमर्यादेत जागा हवी होती आणि २०२०मध्ये पहिल्या फेरीत घेतलेला सीडी लॅम्ब तयार झाला होता. कूपर जाणार हे जगजाहीर असताना चांगली किंमत कोण देणार होते? त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत डवांटे अॅडम्स आणि टायरीक हिल यांचे सौदे झाले, रिसीव्हरांचे भाव कडाडले, आणि दोन कोटींचा कूपर एकदम स्वस्त वाटू लागला. म्हणजे पाचव्या फेरीची नामुष्की २०२२च्या घाईची आहे, २०१८च्या खरेदीची नव्हे. क्लीव्हलंडने त्या किमतीत त्याच्याकडून २०२२मध्ये १,१६० आणि २०२३मध्ये १,२५० यार्ड वसूल केले. पुढे ऑक्टोबर २०२४मध्ये, पुन्हा हंगामाच्या मध्यावरच, तो बफेलोला गेला तेव्हा क्लीव्हलंडला तिसऱ्या फेरीची निवड मिळाली. त्या वेळी कूपर तिशीत पोहोचला होता; डॅलसने त्याला पाचव्या फेरीत काढले तेव्हा तो २७ वर्षांचा होता.