गुप्तहेर व्हायचंय? आधी फ्लेक्स लाव

देशाच्या गुप्तचर खात्यात जायचं ठरवलं असशील, तर पहिलं काम म्हणजे ते गावभर सांग. आईला सांग, ती नळावर सांगेल. मित्रांना सांग, ते ग्रुपवर टाकतील. मग काळा गॉगल घाल, एस्टी स्टँडच्या कठड्यावर एक पाय ठेव, फोटो काढून घे आणि स्टेटसला टाक, 'मिशन सुरू, बाकी सिक्रेट'. वाढदिवस जवळ आला असेल तर फारच छान. ग्रामपंचायतीसमोर 'भावी रॉ एजंट' असा फ्लेक्स लागू दे, खाली सगळ्या शुभेच्छुकांचे फोटो नावानिशी. शत्रूराष्ट्राची तेवढीच मेहनत वाचते. माणूस आणि त्याचं अख्खं नेटवर्क एकाच बोर्डावर.

1968 साली रॉ, म्हणजे देशाबाहेरची हेरगिरी पाहणारी संघटना, उभी करणारे रामेश्वर नाथ काव प्रसिद्धीपासून चार हात लांब राहत. जुन्या वळणाचे होते, त्यांच्या वेळी फ्लेक्स नव्हते. गुप्तचर संघटनेतल्या माणसाला परवानगीशिवाय पत्रकारांशी बोलता येत नाही, युनियनमध्ये जाता येत नाही, असा 1985 चा कायदाही आहे. पण तू अजून लागला नाहीस ना? तोवर हौस फेडून घे.

रॉचा फॉर्म तालुक्याच्या एका सरांकडे मिळतो म्हणतात. सोयाबीन विकून त्यांची फी भर. रॉ स्वतःच्या नावाने 'पाहिजेत' अशी जाहिरात काढत नाही, तिथे बहुतेक माणसं पोलीस, लष्कर आणि इतर सरकारी सेवांतून जातात, असलं काही त्या सरांना ऐकवू नकोस. सर नाराज होतील. आणि फी काही परत मिळत नाही.

उघड जाहिरात निघते ती आयबीची, म्हणजे देशातल्या देशात बातमी काढणाऱ्या इंटेलिजन्स ब्युरोची. इंग्रजांनी 1887 साली याचं बी पेरलं. पदवी असली आणि वय 18 ते 27 मध्ये असलं की सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकाऱ्याची परीक्षा देता येते. पहिला पेपर एका तासात 100 प्रश्नांचा, चुकलं की पाव मार्क कापला. गणित, तर्क, इंग्रजी, चालू घडामोडी, सामान्य ज्ञान. छतावरून उडी मारायचा प्रश्न त्यात कुठेच नाही, हे वाचून मन खट्टू होऊ देऊ नकोस. तू दोरीवर चढायचा सराव चालूच ठेव. पुढच्या टप्प्यात निबंध आणि इंग्रजी उतारा येतो, तिकडे ढुंकूनही पाहू नकोस. कोण आलं, काय बोललं, आपण डोळ्यांनी पाहिलं किती आणि ऐकलं किती, हे एका पानात नीट लिहिता येणं ही कारकुनी. आपल्याला कारकून थोडंच व्हायचंय! (बहुतेकांची नोकरी मात्र तेच करण्यात जाते. असो.)

दहावीवरही एक जागा असते, सिक्युरिटी असिस्टंटची. तिला अट काय, तर राज्याचा अधिवास दाखला आणि तिथल्या भाषेची किंवा बोलीची जाण. स्थानिक भाषेतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून स्थानिक भाषेत उताऱ्याचा अनुवाद करायला देतात. म्हणजे दिल्लीच्या सरकारला वऱ्हाडी कळणारा माणूस हवा आहे आणि आपण दोन वर्षं पुण्यात राहून 'मले'चं 'मला' करण्यात घालवली. तू तेच कर. 'कोनाचा व्हय बे?' असं विचारणारा म्हातारा भेटला की इंग्रजीत उत्तर दे आणि पुढे चल. तो बाप्पा चार जिल्ह्यांतली नाती तोंडपाठ सांगतो. अशा माणसाशी बोलण्यात वेळ दवडू नये.

खरं तर गावाकडेच लक्ष देऊ नकोस. कौटिल्याने हेरांचे प्रकार सांगताना सुरुवातच विद्यार्थ्यापासून केली. दुसऱ्याचं मर्म ओळखणारा धीट छात्र, त्याला त्याने कापटिक म्हटलं. त्या बिचाऱ्याकडे मोबाईल नव्हता म्हणून तो आजूबाजूला बघत असावा. तू मान वर करू नकोस. नागपूरच्या गाडीतून नवी बॅग घेऊन कोण उतरलं, कापसाच्या काट्यावर व्यापाऱ्याचा माणूस बोटाने काय करतो, रोहिण्या लागायच्या आधी चोरबीटीची, म्हणजे परवानगी नसलेल्या कापूस बियाण्याची, पाकिटं कोणाच्या कोठ्यात उतरली, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. फक्त कृषी खात्याच्या भरारी पथकाला नसतं. तूही त्या पथकाच्या रांगेत उभा राहा.

सरकारने गावात बातमी काढायला माणूस ठेवलेला आहे. पोलीस पाटील. 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने गावातली खबर ठाण्याला पोचवणं हे त्याचं काम. 2024 मध्ये त्याचं मानधन महिन्याला 6,500 वरून 15,000 रुपये करायचं ठरलं. तीच खबर पानठेल्यावर एका खर्र्याच्या पैशात मिळते, वर खर्रा मिळतो तो वेगळा.

आणि याच ठेल्यावर तुझी खरी परीक्षा आहे. लेखी निघाली, मुलाखत झाली की चारित्र्य पडताळणी येते. एक दिवस साध्या शर्टातला माणूस मोटरसायकल लावून उतरतो, बगलेत फाईल. मोठ्या सफाईने, सहज विचारल्यासारखं विचारतो, "हा पोरगा कसा आहे हो?"

ठेलेवाला खर्रा घोटता घोटता मान वर न करता सांगतो, "लय चांगलं पोरगं हाये साहेब. दारू नाई, काई नाई. पोळ्याच्या करीले जुगारात धरलं होतं तेवढंच, पन त्या दिवशी तं समदेच बसते, याचा मामा बी होता. अन् ते धुऱ्याचं भांडन, ते मिटलं आता."

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाबद्दल साहेबांनी विचारलेलंच नसतं. ते लिहून घेतात. तोवर बाकावरचा म्हातारा सरकतो, "तुमी इकडले नाई वाटत. कोन्या गावचे?" साहेब गाव सांगतात. "हौ का! मंग आमच्या साळ्याची पोरगी तिथंच देल्ली." पुढे सासुरवाडी निघते, साहेबांच्या लेकीची बारावी निघते, बदली कधीपासून अडली तेही निघतं. चहा संपेपर्यंत साहेबांच्या फाईलमध्ये तुझ्याविषयी चार ओळी आणि गावाकडे साहेबांची तीन पिढ्यांची माहिती. संध्याकाळी ती तुझ्या घरी चुलीपाशी पोचते, "आईबीवाला आला होता, मोठ्या लेकीसाठी पोरगं पायते म्हने."

म्हणून पडताळणीआधी करायच्या गोष्टी नीट करून ठेव. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेवरून ठाणेदाराशी हुज्जत घाल. नेत्याच्या मोर्चात पुढच्या रांगेत बस फोड, नेता जामीन देतो, नोकरी कुठे देतो! फॉर्ममध्ये गुन्हा लपव. अभ्यासिकेत खिडकीपाशी बसणारी ती पोरगी, जी कोणी विचारलं की 'बँकेचं करून रायली' एवढंच सांगते, तिची तर खिल्लीच उडव. ती कोणती पुस्तकं घेऊन बसते हे कधी पाहिलं नाहीस, तेच बरं.

आणि समजा, एवढं करूनही लागलास. मग खरी पंचाईत. अधिकाऱ्याचं मूळ वेतन 44,900 पासून सुरू, पण काम काय ते सांगायचं नाही. मुलगी पाहायला जाशील तेव्हा बैठकीत तिचा मोठा बाप, म्हणजे थोरला काका, पोहे पुढे सरकवत विचारेल, "नोकरी कायची म्हनले?"

"गृह मंत्रालय."

"हौ, पन करता काय?"

"ते सांगता येत नाही."

बैठकीत सगळे एकमेकांकडे पाहतील. काम सांगता न येणारे पोट्टे गावात पुष्कळ, ते सगळे पारावर बसलेले असतात.

"पोस्टिंग कुठं?"

"तेही नाही सांगता येत."

तो पोह्यांची प्लेट हळूच आपल्याकडे ओढून घेईल. "बरं झालं भेट झाली. पन आमाले तलाठीच पायजे होता."