त्यानं काय सोडलं ते ऐकलं, आता पवळाचं बोला

सकाळी शाळेच्या ग्रुपवर लावणीकार शाहीर पठ्ठे बापूरावांवरचा एक फॉरवर्ड आला. सोबत कुठल्यातरी हल्लीच्या नटीचा नऊवारीतला फोटो, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मजकूर असा की कसा एक कुलकर्ण्याचा मुलगा एका रूपवान तमासगिरीणीच्या नादाने घर, जात, वतन सगळं सोडून फडावर गेला, केवढा हा त्याग, केवढं हे प्रेम. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, परत वर जाऊन वाचलं. बाईचं नाव नाही. अख्ख्या प्रेमकथेत प्रेयसीला नावच नाही! "एक तमासगिरीण." एवढंच.

डोकं सणकलं. भाजी फोडणीला टाकायची तशीच राहिली, आणि आता डबे गेल्यावर हे लिहायला बसलेय.

तिचं नाव पवळा. पवळा तबाजी भालेराव, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची, १८७० चा जन्म. महाराची पोर. आईबापाने नवस केलेला म्हणून लहानपणीच जेजुरीच्या खंडोबाला मुरळी म्हणून सोडलेली. आणि तो श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा, १८६६ चा, म्हणजे वयानं तिच्यापेक्षा जरासाच मोठा. एकीकडे गावचं दप्तर सांभाळणारं, सोवळ्यातलं घर, आणि दुसरीकडे गावकुसाबाहेरची, देवाच्या नावानं लोकांपुढे नाचायला लावलेली मुलगी. या दोघांनी एकत्र फड उभा केला, एकत्र राहिले, मुंबईपर्यंत गाजले, शाहू महाराजांपुढे मिठाराणीचा वग, म्हणजे तमाशातलं नाटक, केला. आपल्या मातीतली एवढी जबरदस्त गोष्ट, आणि आपण ती सांगतो कशी तर त्यानं काय काय सोडलं याची यादी करून.

सोडलं ना, मान्य आहे. त्या काळात ब्राह्मणाच्या पोरानं ढोलकीच्या तालावर उभं राहणं म्हणजे काय होतं ते मलाही कळतं. पण सोडायला त्याच्याकडे काहीतरी होतं हो! जिच्याकडे सोडायलाच काही ठेवलं नव्हतं तिचा त्याग तुम्ही कुठल्या काट्यावर मोजणार?

मला हे एवढं का लागतं ते सांगते. आमच्या घरात हे घडलंय. माझे चुलत काका, आम्ही आण्णा म्हणायचो, त्यांचं लग्न मोडलेलं, मळ्यात एकटेच राहायचे. ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेली एक बाई, नवरा वारलेला, ती एका हंगामानंतर परत गेलीच नाही, आण्णांकडे राहिली. मग कित्येक वर्षं दोघं तिथेच, मळ्यात. घरात तिचा उल्लेख "मळ्यातली" असाच. मी लहानपणापासून काकू म्हणते आणि त्यावरून बोलणी खाल्लीत. तर आण्णा गेले तेव्हा दहाव्याला घाटावर भाषणं झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. आण्णांनी कधी जातपात बघितली नाही, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, गोरगरिबाला पदरात घेतलं. पदरात घेतलं! आणि ती बाई त्या वेळी सगळ्या बायकांच्या मागे, झाडाखाली, एकटी बसलेली. भाषणात नाव नाही, वेशीजवळच्या फ्लेक्सवर नाव नाही. फ्लेक्सवर आण्णांच्या आतेभावाच्या नातवंडांची पण नावं होती.

तोच फॉरवर्ड आज परत वाचला असं वाटलं.

बरं, पवळा काय नुसती सोबत होती का त्यांची? तमाशात तोवर बाईचं काम पुरुषच करायचे, नाच्या पोऱ्या साडी नेसून उभा राहायचा. बोर्डावर उभी राहिलेली पहिली बाई म्हणून पवळाचं नाव घेतात. म्हणजे ती आली आणि तमाशाचा चेहराच बदलला, पुढे जेवढ्या नामांकित बायका या कलेत झाल्या त्या सगळ्यांच्या आधी ती उभी राहिली होती, लोकांच्या शिट्ट्या, नजरा, शिव्या सगळं अंगावर घेऊन. लोक तिकीट काढून यायचे ते कुलकर्ण्याचा त्याग बघायला यायचे काय? पवळाला बघायला, ऐकायला यायचे. बापूरावांची लेखणी थोरच, त्याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही, पण ती लावणी लोकांच्या काळजात उतरवायला गळा आणि पाय पवळाचे होते. फड दोघांचा होता.

मळ्यातसुद्धा तेच. कारखान्याचं बिल अडकलं की आण्णांचं घर काकूच्या म्हशींवर चालायचं. पहाटे उठून धारा काढून ती डेअरीला दूध घालायची आणि त्या पैशातनं आण्णांच्या शुगरच्या गोळ्या यायच्या. आणि म्हणे पदरात घेतलं. कुणी कुणाला घेतलं पदरात?

आता काही जण म्हणतील, आणि मला माहितीय कोण म्हणणार ते, की अगं पण ते प्रेम तरी कसलं, खुद्द बाबासाहेबांनीच बापूरावांचे पैसे नाकारले होते ना. हो, नाकारले. बापूराव तमाशाच्या खेळांचं उत्पन्न चळवळीला द्यायला निघाले होते आणि बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं की आमच्या पोरींना नाचवून मिळालेला पैसा नको. बरोबरच केलं त्यांनी. पण ते नीट ऐका की जरा! लोक हा किस्सा बापूरावांचा कसा अपमान झाला म्हणून सांगतात. मला तर वाटतं त्या सगळ्या गोष्टीत बाईच्या बाजूनं विचार करणारा तो एकच माणूस. बाकी सगळे ब्राह्मण कसा बाटला किंवा ब्राह्मण कसा महान यातच अडकलेले, नाचणाऱ्या पोरीला काय सोसावं लागतं, तिच्या आख्ख्या समाजाची मान त्यापायी कशी खाली जाते, हे त्यांनीच बघितलं.

म्हणजे मग प्रेम नव्हतंच का? इथे मी अडते, खरं सांगते. चिडून लिहायला बसले होते, पण हे लिहिताना राग जरा खाली बसलाय. कारण मला दोन्ही खरं वाटतं. तो तिच्यावर जीव लावून होता हेही खरं वाटतं आणि त्या जिवामुळे दोघं एका पातळीवर आले नाहीत हेही. मुरळी म्हणजे देवाशी लग्न लागलेली बाई, भंडारा लावून देवाला दिलेली. तिला माणसाशी संसार थाटायचा हक्कच समाजानं ठेवलेला नाही. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा आला तेव्हा पवळा साठी ओलांडून गेली होती. ज्याला घर सोडता येतं त्याला निदान घर म्हणजे काय ते माहीत असतं. तिला कुणी विचारलं होतं का, की बाई तुला हे पाहिजे का म्हणून? आणि तरीही ती त्याच्याबरोबर फडावर उभी राहिली, गावोगाव फिरली. जोडी फुटल्यावर ती हिवरगावला परतली, तिथेच १९३९ मध्ये गेली. बापूराव १९४५ ला पुण्यात गेले, तेही हलाखीत. शेवट दोघांचाही वाईटच झाला, ते लिहिताना माझ्याही पोटात तुटतं, बापूरावांसाठीसुद्धा.

पण मेल्यानंतर बघा काय होतं. लावणीच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. पठ्ठे बापूराव त्या नावानिशी उरले. आज शंभर वर्षांनी कुणीही ती लावणी गायली की नाव आपोआप तोंडात येतं. गाणारीचं नाव कुठल्या कडव्यात बसवतात? पुणे-नाशिक रोडला संगमनेरजवळ हिवरगाव पावसाचा टोलनाका आहे, तुमच्यातले निम्मे तिथून गेलेले असणार, फास्टॅग वाजला की पुढे. गाव कुणाचं, हे तुमच्यातल्या किती जणांना माहीत होतं?

आणि ही काही एकट्या पवळाची गत नाही. मस्तानी घ्या. छत्रसाल राजाची मुलगी ती, तिचा पोरगा समशेर बहादूर १७६१ ला पानिपतच्या लढाईत मराठ्यांकडून लढला आणि त्या जखमांनी गेला, आणि आपल्याकडे अजून लोक तिला नाचणारी म्हणून मोकळे होतात. बाजीराव रावेरखेडीला वारले तेव्हा ती जवळ नव्हती, होऊच दिली नाही जवळ. पाबळला तिची कबर आहे, कितीजण जातात? जाऊ दे, त्यावर लिहायला लागले तर दुसरी पोस्ट होईल.

काकूचं अजून एक सांगायचं राहिलं, आणि हे मी कुणाला फारसं सांगत नाही. दहावा झाल्यावर संध्याकाळी ती वाड्यावर आली. आत नाही आली, ओसरीच्या पायरीवर उभी राहिली. हातात कापडी पिशवी. त्यात आण्णांचा चष्मा, एका काडीला दोरा गुंडाळलेला. तंबाखूची चंची. आणि गोळ्यांचा तो प्लॅस्टिकचा डबा, सकाळ-दुपार-संध्याकाळचे खण असलेला, त्यात त्या आठवड्याच्या गोळ्या तशाच भरलेल्या. तिला वाचता येत नाही, गोळीच्या रंगावरून भरायची. म्हणाली, "हे कुणाकडं द्यू?" आणि आमच्या वाड्यात एवढी माणसं होती, भाऊ, भावजया, पुतणे, सगळे कर्ते, एकानं हात पुढे केला नाही. मी घेतली पिशवी. मागून आवाज आला, तिला चहा द्या, पण गड्यांच्या पेल्यात. आण्णांनी जातपात बघितली नाही म्हणून सकाळीच टाळ्या वाजवलेली माणसं ही!

सात-बारावर तिचं नाव यायचा प्रश्नच नव्हता. ती आता गावातल्याच एका खोलीत राहते, म्हशी विकल्या.

म्हणून मला त्या हात जोडलेल्या इमोजींचा संताप येतो. वरच्या घरातला माणूस प्रेमात पडून खाली उतरला की आपण त्याची आरती करतो, आणि तो ज्या बाईसाठी उतरला ती तिथेच, पायरीवर. प्रेमकथा आवडतात ना तुम्हाला? मलाही आवडतात, मी आजही बापूरावांची लावणी लागली की हातातलं काम टाकते. पण मग दोघांची गोष्ट सांगा की. ती काळी होती का गोरी, कुठल्या नटीसारखी दिसायची, हे राहू दे बाजूला. तिचं गाव सांगा, बापाचं नाव सांगा, ती काय करायची ते सांगा.

ग्रुपवर मी पवळाचं पूर्ण नाव, गाव, जन्मसाल, सगळं टाकलं. एका मित्राचं उत्तर आलं की अगं एवढं काय तापायचं, चांगल्या भावनेनं टाकलंय, आणि त्या काळी असंच होतं. त्या काळी म्हणे! त्याच काळात, त्याच आमच्या पट्ट्यात, कोल्हापुरात शाहू महाराज आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता देत होते. ती पण माणसं त्याच काळातली. तेव्हा हे "त्या काळी" इथे खाली कमेंटमध्ये कुणी लिहू नका, मी डिलीट करणार आहे. आणि ज्यानं कुणी तो मजकूर मुळात लिहिलाय त्याच्यापर्यंत ही पोस्ट पोचली तर त्याला एवढंच सांगा, पहिल्या ओळीत तिचं नाव टाक आणि तो नटीचा फोटो काढ.