वीस ओळींचा पायथन आणि भाचीची ११८ पुस्तकं

"कुठल्याही लायब्ररीत पुस्तक आहे की नाही हे पायथनच्या वीस ओळींत कळतं, ग्रंथपालाला विचारत बसायचे दिवस गेले." हा मेसेज दोन आठवड्यांत माझ्याकडे पाच ग्रुपांवरून आला, सोबत पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला कोड आणि पाच-सहा मुद्दे. मी सोडून दिलं होतं. पण परवा भाचीचा फोन आला, "मावशी, माझ्या यादीतली ११८ पुस्तकं कुठेच नाहीत गं, प्रकरणात तसं लिहून टाकू का?" ती १९६० च्या आधीच्या मराठी पाककृतींच्या पुस्तकांवर पीएचडी करतेय, एकूण यादी १८० ची. मी एकवीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत कॅटलॉगिंग करतेय, मला धस्सच झालं. प्रबंधात एकदा 'अनुपलब्ध' छापलं की पुढचा माणूस ते पुस्तक शोधायलाच जात नाही.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते, "रिझल्ट आला नाही म्हणजे पुस्तक नाही." मी तिची एक्सेल शीट उघडली तर ८४ व्या ओळीपासून शेवटपर्यंत सलग 'नाही'. म्हणजे ११८ पैकी ९७ एका रांगेत! पुस्तकं अशी रांगेनं गायब होतात का कुठे? झालं होतं असं की तिने तोच मेसेजमधला कोड चालवला होता, ती स्क्रिप्ट मध्ये श्वासही न घेता लायब्ररीच्या कॅटलॉगवर रिक्वेस्टवर रिक्वेस्ट मारत होती, ८३ नंतर कॅटलॉगच्या सर्व्हरने तिला ब्लॉक केलं, ४२९ एरर, म्हणजे फार रिक्वेस्ट झाल्या, थांबा. आणि कोडमध्ये 'एक्सेप्ट'च्या खाली सरळ लिहिलंय की एरर आली तर उत्तर 'नाही' टाक. सर्व्हरने दार लावून घेतलं आणि शीटमध्ये नोंद झाली की पुस्तक नाही. ज्याने हा कोड फिरवला त्याने एकदा तरी स्वतःच्या घरातल्या पुस्तकावर चालवून बघायचा होता.

यावर विचार झालेला आहे आणि तो जुना आहे. अमेरिकेतल्या डिजिटल लायब्ररी फेडरेशनने २००८ मध्ये शिफारशी काढल्या, लायब्ररीच्या सॉफ्टवेअरने बाहेरच्या प्रोग्रॅमला माहिती कशी द्यावी याच्या, आयएलएस-डीआय म्हणतात त्याला. त्यात उपलब्धतेची उत्तरं चार आहेत: उपलब्ध, उपलब्ध नाही, कदाचित उपलब्ध, आणि माहीत नाही. चार! 'माहीत नाही' हे वेगळं उत्तर म्हणून त्यांनी मुद्दाम ठेवलं, आणि आपल्या व्हायरल कोडमध्ये नेमकं तेच उडवलंय. आपल्याकडे खूप ठिकाणी असलेल्या कोहा या लायब्ररी सॉफ्टवेअरमध्ये ही आयएलएस-डीआयची सोय आहे, फक्त ती सेटिंगमध्ये चालू करावी लागते.

आता राहिलेली २१. यातली बरीचशी मराठीनेच अडवली. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांच्या आधी छापलेल्या पुस्तकांवर 'कांहीं', 'घरांतील' असे अनुस्वार असायचे, नोंद करणाऱ्याने कधी ते जसेच्या तसे टाइप केले, कधी काढून टाकले. एका पुस्तकाच्या नावात 'न्याहाऱ्या' शब्द होता. तो दोन पद्धतींनी टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरून, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, मशीनला मात्र दोन वेगळे शब्द, आणि इंडेक्सने ते एक केले नसतील तर रिझल्ट शून्य. मी नावातला दुसराच शब्द टाकून शोधलं, पुस्तक समोर आलं.

"आयएसबीएन टाका, बस" म्हणे. अहो, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावरचा तो आंतरराष्ट्रीय नंबर, १९७० च्या आसपास आला. १९६० च्या आधीच्या पुस्तकावर कुठून असणार?

"पानावर अव्हेलेबल शब्द दिसला की पुस्तक आहे." कोहाच्या रिझल्टमध्ये 'नो आयटम्स अव्हेलेबल' असंही येतं, त्यातही तोच शब्द, आणि बाजूच्या फिल्टरमध्येही तोच. म्हणजे तिच्या शीटमधल्या ६२ 'आहे'वरही माझा भरवसा नाही. प्रतीची खरी माहिती आयटमच्या नोंदीत असते, मार्क २१ या कॅटलॉग-नोंदींच्या ठरलेल्या साच्यात ८५२, कोहामध्ये ९५२ या फील्डमध्ये, तिथे बघायचं. आणि नोंद बरोबर असली तरी प्रत चुकीच्या कपाटात असू शकते, ते तर कुठलाच कोड सांगणार नाही.

"झेड ३९.५० मेलं." म्हणजे एका लायब्ररीच्या कॉम्प्युटरने दुसरीच्या कॅटलॉगमध्ये शोधायची ठरलेली पद्धत. १९८८ चं आहे, जुनं आहे, मान्य. पण मी रोज त्यानेच लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदी आणते. त्याचाच वेबवरचा भाऊ एसआरयू, साधी यूआरएल टाकली की उत्तर एक्सएमएलमध्ये, म्हणजे मशीनला वाचता येईल अशा साच्यात, आणि त्यात शून्य रेकॉर्ड वेगळे सांगतात, चूक झाली तर ती वेगळी.

"कॅटलॉग पब्लिक आहे, हव्या तितक्या रिक्वेस्ट मारा." छोट्या लायब्ररीत कॅटलॉग आणि देवघेवीचं काउंटर एकाच मशीनवर चालतं. आमच्याकडे एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी ते गोठलं होतं, मुलं रांगेत पुस्तकं हातात धरून पाऊण तास उभी होती.

एक कबूल करते, नाइलाजाने. १८० नावं एकेक करून हाताने शोधणं हा छळ आहे आणि बऱ्याच लायब्ऱ्या ना एसआरयू चालू करतात ना आयएलएस-डीआय, मग वेबपानावरचा मजकूर कोडने खरवडण्याशिवाय माणूस करणार काय. स्क्रिप्ट मीही लिहिते. भाचीची मीच बदलून दिली, दोन रिक्वेस्टमध्ये पाच सेकंद, रात्री चालवायची, उत्तरं चार.

११८ पैकी ४१ कॅटलॉगमध्येच निघाली. उरलेल्या ७७ ची यादी छापून ती सोमवारी एका जुन्या वाचनालयात गेली. तिथल्या काकांनी हाताने लिहिलेली दाखल नोंदवही काढून दिली, त्यातली पुस्तकं कॉम्प्युटरवर कधी चढलीच नव्हती. दोन तासांत नऊ मिळाली, एकाचा पुठ्ठा गेलाय पण पानं सगळी आहेत. बाकीच्यांसाठी ती गुरुवारी परत जातेय.