परवाना सगळ्यांना मिळू दे, पण परवाना राहू दे

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ ला खून झाला आणि त्यानंतर एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने आहेत हे सगळ्या महाराष्ट्राला कळलं. त्या खुनात बंदूक नव्हती, पण हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडिओ फिरायला लागले, कोणाच्या शिफारशीवर कोणाला परवाना मिळाला याची चर्चा झाली, मग प्रशासनाने छाननी करून बरेच परवाने रद्द केले. आमचे मामा अंबाजोगाईला असतात, त्यांचं म्हणणं असं की साध्या माणसाने अर्ज केला तर वर्ष वर्ष काही कळत नाही आणि ज्याच्या मागेपुढे चार गाड्या पळतात त्याच्या कमरेला पिस्तूल असतंच. आणि मग म्हणतात, तुमच्या टेक्सासचं बरं आहे बाई, मागेल त्याला मिळतं.

मी डॅलसच्या उत्तरेला राहते, इथली नागरिक आहे, मत देते. मामांचं पहिलं बोलणं शंभर टक्के खरं आहे, पण दुसऱ्यावर मला सविस्तर बोलायचंय कारण हे बऱ्याच जणांना वाटतं.

टेक्सासमध्ये मागेल त्याला मिळतं असं पहिल्यापासून नव्हतं. ऑक्टोबर १९९१ मध्ये किलीन गावात एका कॅफेटेरियात एकाने २३ जणांना गोळ्या घालून मारलं. तिथे सुझाना हप नावाची एक बाई आईवडिलांबरोबर जेवायला आली होती, तिची रिव्हॉल्व्हर होती पण बरोबर बाळगायला कायद्याने बंदी म्हणून ती गाडीत ठेवलेली, आणि आईवडील दोघंही त्या दिवशी गेले. पुढे ती हीच गोष्ट राज्याराज्यांत जाऊन सांगत राहिली आणि १९९६ मध्ये स्वतः आमदार झाली. तिचं म्हणणं ऐकून मनात काही हललं नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही, बंदुकीच्या विरोधातलासुद्धा. १९९३ मध्ये गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्सनी त्या दिशेचं बिल अडवलं, १९९५ मध्ये जॉर्ज बुशनी सही केली आणि बंदूक बरोबर बाळगायचा परवाना सुरू झाला. आता हा परवाना कसा होता ते बघा. बोटांचे ठसे, जुने गुन्हे आहेत का याची तपासणी, दहा ते पंधरा तासांचा क्लास, लेखी परीक्षा, रेंजवर नेम धरून दाखवायचा. एवढं सगळं पास झालात की परवाना द्यावाच लागतो, तुम्ही कोण, कोणाचे, तुम्हाला कशाला हवीय, हे विचारायचा अधिकार कोणालाच नाही.

ही गोष्ट मला फार मोठी वाटते. कारण न्यूयॉर्कमध्ये १९१३ पासून नेमकं उलटं होतं. तिथे बाहेर बाळगायची तर 'सबळ कारण' दाखवायला लागायचं, आणि कारण सबळ आहे का ते ठरवणार परवाना देणारा अधिकारी. आपल्याकडच्या 'जिवाला धोका' सारखंच हे. धोका कोणाच्या जिवाला असतो? ओळख असलेल्यांच्या. न्यूयॉर्क पोलिसांच्या परवाना विभागात लाच घेऊन परवाने दिल्याचे फेडरल खटले झालेत, हे मी बीडच्या बातम्या वाचताना सारखं आठवत होते. शेवटी कोक आणि नॅश या दोघा साध्या माणसांची केस सुप्रीम कोर्टात गेली आणि जून २०२२ मध्ये कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने ते सबळ कारण रद्द केलं. मला हा निकाल पटतो आणि इथल्या मराठी मंडळात मी असं बोलले की लोक जरा दचकतात. पण त्याच निकालात हेही म्हटलंय की ज्या राज्यांत ठराविक तपासणी आणि ट्रेनिंग घेऊन परवाना मिळतोच, त्या पद्धतीला आम्ही हात लावत नाही. ते वाक्य कोणी वाचत नाही.

कारण टेक्सासमधले आमदार तोपर्यंत त्या पद्धतीच्याही पुढे निघून गेले होते. २०१३ मध्ये क्लास चार ते सहा तासांवर आणला. २०१६ मध्ये कमरेला उघडी लावून फिरायची परवानगी, त्याच वर्षी युनिव्हर्सिटीत न्यायची परवानगी. २०१७ मध्ये फी १४० डॉलरवरून ४०. ही फी कमी केली ते मला चांगलंच वाटतं, गरिबालाही हक्क आहे. आणि मग २०२१ मध्ये मोठ्या शहरांतल्या पोलिस प्रमुखांचा विरोध असताना परवान्याची अटच काढून टाकली. गव्हर्नर अ‍ॅबट यांनी सॅन अँटोनियोला अलामो या ऐतिहासिक जागी बसून त्यावर सही केली. आता २१ वर्षांचा किंवा त्याहून मोठा, ज्याला कायद्याने बंदूक ठेवायला बंदी नाही असा कोणीही क्लास न करता हँडगन घेऊन फिरू शकतो. अशी राज्यं आता २९ झालीत.

आमच्या ओळखीचे एक मोटेलवाले आहेत, त्यांना रात्री काउंटरवर बंदूक लावून लुटलं होतं, त्यानंतर त्यांनी परवाना काढला. ते सांगत होते की क्लासमध्ये नेम कमी आणि कायदा जास्त होता, कधी गोळी झाडता येते, कधी येत नाही, वाद वाढला तर तो खाली कसा आणायचा, घरात मुलं असतील तर कुठे कुलूप लावायचं. हेच सगळं २०२१ मध्ये ऐच्छिक करून टाकलं. टेक्सासमध्ये दरवर्षी शिक्षा झालेल्यांचा सरकारी अहवाल निघतो, त्यात परवानाधारक एक टक्क्याहूनही कमी असतात, आणि परवाने वाढवा म्हणणारी संघटना हाच आकडा प्रत्येक भाषणात सांगते. मग ज्या पद्धतीतून हा आकडा आला तीच पद्धत मोडायची घाई कशाला, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

६ मे २०२३ ला आमच्या घराजवळच्या अ‍ॅलनच्या आउटलेट मॉलमध्ये एकाने गोळीबार केला, आठ जण मेले. आम्ही दर दिवाळीआधी तिथे कपडे घ्यायला जातो. मेलेल्यांत हैदराबादकडची एक तरुण इंजिनिअर होती. दोन दिवसांनी राजधानी ऑस्टिनला विधानसभेच्या कमिटीने ८ विरुद्ध ५ ने एक बिल पुढे पाठवलं, असॉल्ट रायफल घ्यायचं वय १८ वरून २१ करणारं, कारण त्याच्या आदल्या वर्षी युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिकांना मारणाऱ्याने अठरावा वाढदिवस झाल्या झाल्या दोन रायफली दुकानातून कायदेशीर विकत घेतल्या होत्या. मेलेल्या मुलांचे आईबाप तिथे रडत होते, मी तो व्हिडिओ पूर्ण बघू शकले नाही. ते बिल तिथेच मेलं, पुढे मतदानालाच आलं नाही. आणि २०२५ मध्ये काय मंजूर झालं तर धोकादायक झालेल्या माणसाकडून कोर्टाने काही काळ बंदूक काढून घ्यायची जी सोय फ्लोरिडाने २०१८ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर असताना केली, तसली सोय टेक्सासमध्ये करायलाच बंदी! कोणतं बिल आधी घ्यायचं आणि कोणतं कपाटात ठेवायचं यावरून मला राग येतो.

वॉशिंग्टनमध्ये आता एका राज्यात बाळगता येते तर सगळ्या राज्यांत बाळगता यावी असं बिल आहे, २०१७ मध्ये हाउसने मंजूर केलं होतं पण सिनेटमध्ये अडकलं, मार्च २०२५ मध्ये कमिटीतून परत पुढे सरकलं. परवाना असलेल्यांपुरतं असतं तर मी पाठिंबा दिला असता. पण विनापरवाना राज्यांचाही त्यात समावेश आहे, म्हणजे सगळ्यात ढिला नियम ज्याचा त्याचाच नियम न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेपर्यंत. दहिसरला फेब्रुवारी २०२४ मध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांना मारलं तेव्हा पिस्तूल मारेकऱ्याच्या बॉडीगार्डचं होतं, परवाना उत्तर प्रदेशातला. परवाना एकीकडचा, मरण दुसरीकडे, हे आपण घरीच बघितलंय.

आणि इथले आपले किती तरी लोक एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहेत, त्यांना साधारणपणे बंदूक जवळ ठेवणंच फेडरल गुन्हा आहे, मतही नाही. मुलं मात्र त्याच शाळांत जातात आणि लाइट बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचं ड्रिल करतात.

मामांना आणि गावाकडच्या सगळ्यांनाच माझं सांगणं आहे की टेक्सासचं घ्यायचं असेल तर १९९५ चं घ्या, २०२१ चं नको. महाराष्ट्रात बंदुका वाढाव्यात असं मला अजिबात वाटत नाही, पण आहेत ते परवाने तरी लिहिलेल्या नियमाने मिळावेत. ट्रेनिंग नुसतं कागदावर नको, खरं व्हावं. नाकारलं तर कारण लेखी द्यावं, आणि तालुक्यात किती परवाने आहेत ते कोणालाही बघता यावं, म्हणजे खून झाल्यावर मोजायची वेळ येणार नाही.

ऑस्टिनचं पुढचं सेशन जानेवारी २०२७ मध्ये सुरू होईल, १४० दिवसांचं. बंदूक घेऊन बाहेर पडायचं तर आधी क्लास आणि परीक्षा, हे परत आणा, एवढंच पत्र मी आमच्या आमदाराला पाठवलं. त्यांच्या ऑफिसातली मुलगी फोनवर नीट बोलली, म्हणाली असं बिल कमिटीपर्यंत पोचणं कठीण आहे. कमिटीच्या सुनावणीत नाव नोंदवून कोणालाही बोलता येतं. मोटेलवाले यायला तयार आहेत, अजून दोघी जणी आहेत, गाडी मी चालवणार आहे.