ससा पाण्यानं मरत नाही, आत्या

गेल्या शनिवारी दोन दिवसांसाठी पुण्याला गेले होते. तांबड्याला, माझ्या सशाला, सांभाळायला इथल्याच मंगळवार पेठेतून आत्या आली होती, पिशवीत मेथीची जुडी घेऊन. रविवारी रात्री दार उघडलं तर तांबड्या कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेला, गवत जसंच्या तसं. आणि त्याचं चिनी मातीचं पाण्याचं भांडं स्वच्छ धुऊन ओट्यावर पालथं घातलेलं.

"मीच काढून ठेवलंय. ग्रुपवर आलंय की, ससा पाण्यानं मरतोय म्हणून."

भांडं भरून समोर ठेवलं. पुढचे दोन्ही पाय काठाशी रोवून तो जो प्यायला लागला, तो मान वर काढेना. हनुवटीचे केस भिजून त्यांचं टोक झालं तरी लपलप चालूच. एरवी याच्या लेंड्या हरभऱ्याएवढ्या असतात. त्या मिरीएवढ्या झाल्या होत्या, आणि तशाच कडक. दीड दिवसात मेला नाही तो आत्याच्या मेथीमुळे. तिनं ती धुऊन, ओलीच घातली होती. पालेभाजीत ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं. म्हणजे पाणी तिनं पाजलंच, फक्त तिला ते कळलं नाही.

मग तो मेसेज मागून घेतला. "रेस्क्यूमधला ससा घरी आणण्याआधी ही सात सत्ये वाचा." रेस्क्यूतले, म्हणजे टाकून दिलेले प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेतले, ससे रोगट आणि चावरे असतात म्हणून लोक टाकून देतात. सशाला पाणी देऊ नये, पाण्यानं तो मरतो. ससा चावला तर रेबीज होतो, पोटात चौदा इंजेक्शनं. ससा पाळणं गुन्हा आहे. केस फुप्फुसात जाऊन दमा होतो. एकटा ससा झुरून मरतो. आणि तसाही तो दोनच वर्षं जगतो, म्हणून दुकानातून लहान पिल्लांची जोडी घ्या, माया लागते. चौथ्या मुद्द्यात गुन्हा आणि सातव्यात जोडी घ्या! लिहिणाऱ्यानं स्वतःचा मेसेज शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही.

मी हसून सोडून दिलं असतं. पण आत्याच्या नातीसाठी रेस्क्यूमधली एक राखाडी मादी आम्ही जवळजवळ पक्की केली होती. दीड वर्षाची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली. या मेसेजनंतर त्या घरातून निरोप आला, "नको, दुकानातलीच जोडी बघतो."

आधी पाण्याचंच बघू, कारण बाकीच्या मुद्द्यांनी गैरसमज होतील, यानं जीव जातो.

सशाला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागतं. तांबड्या दोन किलोला थोडा कमी आहे, म्हणजे उन्हाळ्यात चहाचे दोन कप तो सहज संपवतो. त्याचं मुख्य खाणं वाळलेलं गवत. दिवसाच्या खाण्यात पाचापैकी चार भागांपेक्षा जास्त गवत आणि उरलेल्यात पाला, असा हिशेब. एवढं कोरडं खाणं आतड्यातून पुढं सरकायला पाणी नको? पाणी तुटलं की ससा खाणं कमी करतो, आतला चोथा सुकतो, आतड्याची हालचाल मंदावते आणि पोटात वायू धरतो. सशाला उलटी करता येत नाही. बारा तास तोंडाला काही लावलं नाही तर ससेवाले डॉक्टर "उद्या सकाळी आणा" म्हणत नाहीत, "आत्ता आणा" म्हणतात.

मग ही समजूत आली कुठून? मला वाटतं, दुकानातूनच. पिल्लाला निदान आठ आठवडे आईजवळ ठेवायला हवं. पण महिन्याभराचं, मुठीत मावणारं पिल्लू पटकन खपतं. ते घरी येतं, मुलं काकडी, कोबी, गाजर, बिस्किट, सगळं एकाच दिवशी चारतात. त्याचं पोट अजून या खाण्याला तयार नसतं. जुलाब लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते जातं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : "पाणी पाजलं होतं का?" पाजलेलं असतंच. दुकानदार सुटला, आणि पाणी बदनाम झालं. भावाच्या लहानपणी आमच्याही घरी असंच एक पांढरं पिल्लू गेलं होतं. दोष आईवर आला होता, वाटीभर पाणी ठेवलं म्हणून. तिला अजून तसंच वाटतं.

आता कायद्याचं. मेसेजवाल्याला गुन्ह्याची एवढी काळजी आहे तर त्यानं १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा उघडावा. कलम ११, पोटकलम १ मधला (एच) : मालकानं प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी किंवा आसरा दिला नाही तर ती क्रूरता, म्हणजे गुन्हा. ससा पाळणं नव्हे, त्याचं पाणी काढून घेणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, हे मी आत्याला मुद्दाम सांगितलं. "एवढाच?" म्हणाली. मलाही तेच वाटतं, पण तो वेगळा विषय.

पाळणं गुन्हा आहे या म्हणण्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करते. आपल्या उसाच्या फडात दिसतो तो रानससा. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तो धरायचा नाही, पाळायचा नाही आणि रश्श्यातही घालायचा नाही (शिरोळपासून कागलपर्यंत कुणाला उद्देशून म्हणतेय ते त्यांना कळलं). दुकानात किंवा रेस्क्यूत असतो तो मूळचा युरोपातला, माणसाळलेला, वेगळ्याच जातीचा ससा. तो पाळायला बंदी नाही. फरक पिल्लात लगेच कळतो : रानसशाचं पिल्लू जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांचं असतं, पाळीव सशाचं उघडंबोडकं आणि आंधळं. ऊसतोडीत असं केसाळ पिल्लू एकटं सापडलं की लोकांना वाटतं, पोरकं झालं, आणि घरी आणतात. पोरकं नसतं ते. आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडताना येऊन पाजून जाते. तिथंच जवळच्या आडोशाला ठेवा. जखमी असेल तर वनखात्याला फोन करा.

रेबीजचं एका दमात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं स्पष्ट लिहून ठेवलंय की सशांना रेबीज जवळजवळ कधीच आढळत नाही, आणि सशामुळे माणसाला झाल्याची नोंद नाही. चावला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुवा आणि डॉक्टरांना धनुर्वाताचं विचारा. पोटातली चौदा इंजेक्शनं ज्या जुन्या लशीची होती, तीच आपल्या देशात वीसेक वर्षांपूर्वी बंद झाली. मेसेज बहुतेक तेव्हापासून फिरतोय.

दमा : केसांची, त्याहून जास्त गवताच्या धुळीची ॲलर्जी काहींना असते. घरात दमेकरी असेल तर घेण्याआधी चार वेळा रेस्क्यूत जाऊन ससा मांडीवर घेऊन बसा, शिंका येतात का बघा. दुकानात ही सोय नाही. दोन वर्षं जगतो म्हणे! नीट ठेवला तर आठ ते बारा वर्षं. दुकानातले दोन वर्षांत का जातात, ते वर आलंच.

राहिली जोडी. सशाला सोबत लागते हे खरं, एवढं श्रेय मेसेजला देते. पण महिन्याच्या पिल्लातला नर-मादी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. "दोन्ही माद्या आहेत" म्हणून दिलेल्या जोडीनं तांबड्याच्या आधीच्या मालकांकडे पाच महिन्यांत सहा पिल्लं घातली. गाभण राहिल्यापासून तीस-बत्तीस दिवसांत वीत, आणि व्याल्यावर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. वयात आलेला नर भिंतीवर, गादीवर, माणसावर मुतून हद्द आखतो. वास उग्र असतो, तो मी लपवत नाही. मग खोकं भरून सगळे रेस्क्यूच्या दारात. रोगट नव्हते की चावरे नव्हते. वाढले होते, एवढंच. आता तांबड्याचं ऑपरेशन झालंय आणि तो ट्रेमध्येच जातो. सशाचं ऑपरेशन करणारा डॉक्टर शोधायला मला चार दवाखाने फिरावे लागले, एका ठिकाणी तर "आम्ही म्हशी बघतो" म्हणाले. राखाडी मादीचं ते आधीच झालंय. ती मोठी आहे, मादीच आहे, मांडीवर बसते आणि पालकापेक्षा कोथिंबीर आवडते, हे सगळं तिला सांभाळणारी मुलगी फोनवर सांगते. जोडीच हवी तर ही एक आणि ऑपरेशन झालेला एक नर, दोघांची आधी तिथंच ओळख करून.

काल आत्याला हे सगळं ऐकवलं. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "भिशीच्या ग्रुपवर मीच टाकलाय गं तो. तिथं दोघींकडं ससे आहेत."

दोघींना तिनं माझ्यासमोर फोन लावला. एकीनं उचलला नाही. दुसरी म्हणाली, "थांबा, वाटी ठेवून येते," आणि फोन तसाच चालू ठेवून गेली. नळ सोडल्याचा आवाज आम्हाला दोघींना ऐकू आला.